चेता तुटली, जोड कुठला सुटला?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळच्या टपालात कीटकांच्या चेतांना इजा झाल्यावर काय घडते, याबद्दलची बरीच पत्रे आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, काही प्रश्न छाटले आहेत. पाषाणहून आलेल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण अनेक प्रयोगशाळांत येते आणि छापील पद्धतींत तिच्याबद्दल जेमतेम एखादी ओळ असते.

प्रश्न: झुरळाच्या पायाकडे जाणारी चेता कापली तर सिनॅप्स नेमका कुठे आणि कसा तुटतो? पुस्तकात फक्त ‘कापलेल्या जागेपलीकडचा भाग नष्ट होतो’ एवढेच लिहिले आहे.
– एमएस्सी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, गणेशखिंड

उत्तर: सिनॅप्स म्हणजे न्यूरॉनचा संदेश पुढच्या पेशीकडे जातो तो जोड. म्हणून आधी एक उलट प्रश्न: कुठला सिनॅप्स? मोटर न्यूरॉनला, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीला, सिनॅप्सच्या दोन जागा असतात. इजेनंतर दोन्हीकडे बदल होतात, पण कारण निराळे, वेग निराळा आणि बदलही निराळा. ‘इजेनंतर सिनॅप्स कमी झाले’ एवढेच वाक्य कुणी लिहिले असेल तर त्याचा अर्थ लागत नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

झुरळाच्या मोटर न्यूरॉनची पेशीकाया छातीतल्या गुच्छिकेच्या (न्यूरॉनच्या गाठीच्या) कडेला, बाहेरच्या थरात असते. तिच्यावर सिनॅप्स नसतात. तिच्यातून एकच तंतू निघतो आणि गुच्छिकेच्या मधल्या जाळ्यात शिरतो. तिथे त्याला बारीक फांद्या फुटतात. संवेदी न्यूरॉन आणि मधले न्यूरॉन आपले संदेश या फांद्यांवर आणून सोडतात. तोच तंतू पुढे अॅक्सॉन म्हणून पायात जातो आणि स्नायूवर शेवटचा जोड करतो. फांद्यांवर येणारे मुख्य उत्तेजक रसायन असिटिलकोलीन, तर स्नायूवर सुटणारे उत्तेजक रसायन ग्लुटामेट. आपल्या शरीरात स्नायूवर असिटिलकोलीन सुटते. त्यामुळे बेडकाची किंवा उंदराची आकृती झुरळावर तशीच्या तशी चढवू नका. परीक्षेत गुण जातात ते इथेच.

आता चेता कापा. पायाकडचा तुकडा पेशीकायेपासून तुटला. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या चेता कापून असा तुकडा विघटित होताना पाहिला, म्हणून या क्रियेला वॉलर यांचे नाव आहे. पुढे शंभराहून अधिक वर्षे समजूत अशी होती की पुरवठा बंद झाला, म्हणून तुकडा उपासमारीने मेला. ती समजूत अपुरी ठरली. १९८९ मध्ये उंदरांचा एक असा वाण पुढे आला की ज्याचे कापलेले अॅक्सॉन कित्येक दिवस शाबूत राहत. २०१२ मध्ये फळमाशीत सार्म नावाचे प्रथिन सापडले. ते काढून टाकले की कापलेला अॅक्सॉन दीर्घकाळ टिकतो. म्हणजे विघटनाची यंत्रणा अॅक्सॉनमध्ये आधीपासून तयार असते.

तिचे काम साधारण असे चालते. एनएमनॅट हे एन्झाइम एनएडी, म्हणजे पेशीच्या ऊर्जाव्यवहाराला लागणारा रेणू, तयार करते, पण ते स्वतः अल्पायुषी असते आणि पेशीकायेकडून सतत यावे लागते. चेता कापली की आवक थांबते, उरलेला साठा संपतो आणि एनएडीच्या आधीचा घटक, म्हणजे एनएमएन, साचू लागतो. एनएमएन वाढले आणि एनएडी घटले की सार्म जागे होते. सार्म स्वतःच एनएडी फोडणारे एन्झाइम आहे. उरलेसुरले एनएडी ते फस्त करते, मग पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी घसरते, कॅल्शियम आत शिरते आणि अॅक्सॉनचे तुकडे पडतात. स्नायूवरचा जोड या ओघात जातो. स्नायू मात्र लगेच मरत नाही. टोळाच्या पायात पीटर अशरवुड यांनी १९६०च्या दशकात दाखवले की चेता गेल्यावर स्नायूची ग्लुटामेटबद्दलची संवेदनशीलता जोडाच्या जागेबाहेरही पसरते.

गुच्छिकेतला भाग कापलेल्या जागेच्या अलीकडे असल्याने तो जिवंत राहतो, पण बदलतो. १९६५ मध्ये मेल्विन कोहेन आणि जॉन जॅकलेट यांनी झुरळात पाहिले की इजेनंतर मोटर न्यूरॉनच्या केंद्रकाभोवती आरएनएचे दाट कडे उमटते. कोणता न्यूरॉन कुठल्या चेतेतून बाहेर पडतो हे ओळखायला पुढे या कड्याचाच उपयोग झाला. दुसरा बदल विजेचा. निरोगी झुरळाच्या मोटर न्यूरॉनची पेशीकाया पूर्ण आकाराचा विद्युत स्पंद काढत नाही, स्पंद अॅक्सॉनच्या बाजूला उमटतो. अॅक्सॉन कापल्यावर काही दिवसांनी पेशीकायाही स्पंद काढू लागते. म्हणून फांद्यांवर आलेला संदेश तितकाच असला तरी न्यूरॉनचे उत्तर बदललेले असू शकते. केंद्रीय सिनॅप्स दुबळा झाला की पेशी जास्त उत्तेजित झाली, हे फक्त स्पंद मोजून कळणार नाही.

प्रश्न: कापलेल्या झुरळाच्या पायात दोन टाचण्या खोचून आवाज ऐकवण्याचा प्रयोग विज्ञानमंडळात करायचा आहे. पाय कापलेला असूनही संदेश येतात, मग चेता मेली असे का म्हणायचे? आणि काही वेळा पाय नुसता खरखरत राहतो, ते का?
– माध्यमिक शिक्षक, हडपसर

उत्तर: चेता मेलेली नसते. कापल्यानंतर लगेच तुटका अॅक्सॉन चांगला चालतो. विघटनाला वेळ लागतो, आणि तुमचा प्रयोग त्याआधीच संपतो. तुम्ही ऐकता ते मोटर न्यूरॉन नव्हेत. नडगीवरच्या काट्यांना टूथपिकने हलकेच ढोसल्यावर येणारे टकटक आवाज संवेदी न्यूरॉनचे असतात. त्यांच्या पेशीकाया पायातच, काट्यांच्या बुडाशी असतात. म्हणून त्या न्यूरॉनची पेशीकायेकडची बाजू तुमच्या हातातल्या पायात आहे. मोटर न्यूरॉनची पेशीकाया मात्र झुरळाच्या छातीत राहिली. एकाच कापाने एका न्यूरॉनचे डोके राहिले, दुसऱ्याचे गेले. मुलांना हे फळ्यावर काढून दाखवले तर अर्धा धडा तिथेच होतो.

मोटर बाजू दाखवायची असेल तर त्याच टाचण्यांतून मोबाइलच्या हेडफोनच्या तारेने ढोल-ताशाचा आवाज पूर्ण आवाजात सोडा. ठेक्यावर पाय झटके देतो. यात मोटर अॅक्सॉन आणि स्नायूवरचा जोड दोन्ही काम करत असू शकतात, पण प्रवाह मोठा असेल तर स्नायू थेटही आकुंचन पावतो, तेव्हा ‘हा सिनॅप्सचा पुरावा’ असे ठामपणे सांगू नका. एक टाचणी कमरेकडच्या जाड भागात, दुसरी मांडीत. झुरळाला आधी बर्फाच्या पाण्यात पूर्ण निश्चल होईपर्यंत ठेवा. कापलेल्या तोंडाला व्हॅसलिन लावले तर पाय उशिरा सुकतो. तास-दीड तासाने आवाज मंदावला तर दोष सुकण्याचा समजा, वॉलरचा नव्हे.

सततच्या खरखरीची कारणे दोन. पहिले साधे: टाचण्या हलतात किंवा ट्यूबलाइटचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट येतो. लॅपटॉपचा चार्जर काढा, ट्यूब बंद करा. दुसरे कारण पुण्याच्या सोसायट्यांत नेहमीचे. झुरळ फवारणी झालेल्या इमारतीतले असते. पायरेथ्रॉइड औषधे सोडियमचे मार्ग उघडे धरतात आणि न्यूरॉन एका धक्क्यावर पुन्हा पुन्हा स्पंद काढतो. असा पाय स्पर्श न करताच बडबडतो. गटारातून पकडलेले झुरळ आठवडाभर वेगळे ठेवून त्याची हालचाल नीट आहे का ते बघा, किंवा प्रयोगशाळेत वाढवलेले वापरा. आणि शाळेत कापाकापी करण्यापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्या. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतूनही विच्छेदन बाद होत गेले आहे.

प्रश्न: चेता न कापता तिला कोल्चिसीन लावले तरी पेशीकायेत कापल्यासारखाच बदल होतो असे वाचले. चेता तर अखंड आहे. मग बातमी कशी पोचते?
– वाचक, एरंडवणे

उत्तर: पिटमन, ट्वीडल आणि कोहेन यांनी १९७२ मध्ये झुरळात हेच दाखवले. कोल्चिसीन मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्या, मोडते, म्हणजे अॅक्सॉनमधली मालवाहतूक थांबवते. यावरून दोन शक्यता निघतात. स्नायूकडून परत येणारा ‘सगळे ठीक आहे’ असा निरोप थांबला म्हणून पेशी बदलली, किंवा जखमेच्या जागी काही साचले आणि त्याचाच वेगळा निरोप गेला.

फळमाशीत दुसरी बाजू बरीच उलगडली आहे. वॉलेंडा हे किनेज (संकेत पुढे देणारे एन्झाइम) सस्तन प्राण्यांतल्या डीएलकेचे भावंड आहे, आणि हायवायर नावाचे प्रथिन एरवी त्याला सतत नष्ट करत असते. चेता दाबली गेली की वॉलेंडाचे प्रमाण वाढते आणि अॅक्सॉनमधून उलट्या दिशेने केंद्रकाकडे संकेत जातो. तिथे जेएनके या इजेला प्रतिसाद देणाऱ्या संकेतमार्गाची जनुके चालू होतात. वाहतूक किंवा मायक्रोट्यूब्यूल बिघडले तरी हाच मार्ग जागा होऊ शकतो. गंमत अशी की हेच हायवायर एनएमनॅटलाही नष्ट करते. म्हणून हायवायर नसलेल्या अळीत कापलेल्या जागेपलीकडचा तुकडा टिकतो, आणि अलीकडच्या भागात दुरुस्तीचा संकेत कायम चढलेला असतो. हायवायरच्या उत्परिवर्तित अळीत मिळालेल्या निकालाचे कारण सांगताना हे दोन्ही धागे वेगळे करावे लागतात.

प्रश्न: फळमाशीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या अळीत चिमट्याने चेता दाबून २४ तासांनी स्नायूवरचे जोड पाहतो. काही अळ्यांत जोड पूर्ण गेलेला, काहींत जसाच्या तसा. बऱ्याच अळ्या मरतात. कंट्रोलमध्येही (तुलनेसाठीच्या, इजा न केलेल्या गटातही) बदल दिसतो. विद्युत नोंदी तर आणखी गोंधळात टाकतात. कुठे चुकते?
– पीएचडी विद्यार्थी, पाषाण

उत्तर: एकाच ठिकाणी चुकत नसावे. क्रमाने तपासा.

सगळ्यात आधी वय. २५ अंशांवर अंडे घातल्यापासून साधारण ७२ तासांनी तिसरा टप्पा सुरू होतो आणि १२० तासांच्या सुमारास कोश होतो. चेता दाबायची ती तिसरा टप्पा लागल्या लागल्या. भिंतीवर चढू लागलेल्या अळ्या घेतल्या तर २४ तासांत त्या कोशात जातात, आणि कोशावस्थेत स्नायू व त्यांवरचे जोड शरीर स्वतःच मोडते. तुम्ही ज्याला इजा म्हणताय ते रूपांतर असू शकते. माद्यांना चारच तास अंडी घालू द्या, मग दुसऱ्या प्लेटवर हलवा. बाटलीत गर्दी झाली तर एकाच वयाच्या अळ्या लहानमोठ्या होतात, म्हणून गर्दी टाळा. जास्त अवधी हवा असेल तर १८ अंशांवर वाढवा, वाढीचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. मात्र विघटनही मंदावते आणि गॅल-४ ची (निवडक पेशींत हवे ते जनुक चालू करणाऱ्या जोडणीची) अभिव्यक्तीही घटते. कंट्रोल त्याच तापमानाला हवे. एप्रिल-मेमध्ये पुण्यात इन्क्युबेटरबाहेर टेबलावर ठेवलेली प्लेट सहज ३० अंशांच्या वर जाते. वीज गेली तरी तेच. इन्क्युबेटरमध्ये किमान-कमाल तापमापी ठेवा आणि रोज सकाळी आकडा लिहा.

दाबण्याची क्रिया. अळीला कार्बन डायऑक्साइड द्या, पोट वर करून ठेवा. अळीच्या पुढच्या भागात असलेल्या मज्जारज्जूच्या मागच्या टोकापासून चेतांचा झुबका मध्यरेषेने मागे जातो. तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला तो त्वचेतून दिसतो. पाच नंबरच्या बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेसकट तो झुबका साधारण पाच सेकंद दाबा. त्वचा फाटू देऊ नका. चिमट्याची टोके अगदी टोकदार असतील तर ती भोसकतात, बोथट असतील तर चेता निसटते. टोके सूक्ष्मदर्शकाखाली समांतर मिटतात का, ते रोज काम सुरू करण्यापूर्वी बघा. तुमच्या ‘काहींत जसाच्या तसा’चे सर्वात संभाव्य कारण हेच आहे: झुबक्यातल्या काही चेता सुटल्या.

याची परीक्षा त्याच दिवशी होते. शुद्धीवर आल्यावर अळीचा पुढचा भाग सरकतो, तोंडाचे आकडे चालतात, मागचा भाग लुळा ओढला जातो. शेपटीची बाजू हलू लागली किंवा एकाच अंगाला वळू लागली तर ती अळी बाद करा. जखमेवर मोठा काळा डाग पडला तर त्वचा फुटली आहे, तीही बाद. उरलेल्या अळ्या द्राक्षरस-अगारच्या प्लेटवर थोडी यीस्टची पेस्ट लावून ठेवा. नेहमीच्या पातळ अन्नात लुळी अळी बुडते. मरणाऱ्या अळ्यांतल्या कित्येक अशाच मरतात, चेतेच्या इजेने नव्हे.

कंट्रोल म्हणून न हाताळलेली अळी पुरत नाही. वायू द्या, पाठीच्या बाजूची त्वचा तितकाच वेळ तशीच दाबा, तशाच प्लेटवर ठेवा. त्वचेच्या जखमेनेही जेएनके मार्ग चालू होतो, म्हणून न दाबलेल्या अळीशी तुलना केली तर त्वचेचा परिणाम चेतेच्या खात्यात जमा होतो. बर्फावर बधिर केलेल्या आणि वायूने बधिर केलेल्या अळ्या एका गटात मिसळू नका. थंडीने मायक्रोट्यूब्यूल सुटतात, आणि वरच्या उत्तरात सांगितलेला मार्ग त्यांच्याबाबत हळवा आहे. त्याच अळीचे पुढचे खंड कंट्रोल म्हणून घेण्याचा मोह होतो, पण जोडांचा आकार खंडानुसार बदलतो. तिसऱ्या खंडाची तुलना तिसऱ्याच खंडाशी करा.

डिसेक्शनसाठी कॅल्शियमविरहित एचएल-३ (अळीच्या शरीरद्रवासारखे क्षारद्रावण) घ्या. एक लिटरला सोडियम क्लोराइड ४.०९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ४.०७, सोडियम बायकार्बोनेट ०.८४, ट्रेहॅलोज डायहायड्रेट १.८९, साखर म्हणजे सुक्रोज ३९.४ आणि हेपिस १.१९ ग्रॅम. पीएच ७.२. साखर इतकी असल्याने बुरशी पटकन धरते. गाळून, छोट्या बाटल्यांत, ४ अंशांवर ठेवा आणि गढूळ दिसले की ओता. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली वजनात फसवते.

रंगवताना दोन बाजू वेगळ्या दिसल्या पाहिजेत. एचआरपीविरोधी प्रतिपिंड न्यूरॉनचे आवरण दाखवते, एनसी-८२ हे प्रतिपिंड ब्रुचपायलट हे प्रथिन दाखवते म्हणजे रसायन सोडण्याच्या जागा, आणि डिस्क्स-लार्ज हे प्रथिन प्रामुख्याने स्नायूची बाजू दाखवते. तिन्ही एकत्र असतील तर जोड शाबूत. डिस्क्स-लार्ज आहे पण एचआरपी आणि ब्रुचपायलट नाही, तर तिथे जोड होता आणि न्यूरॉन निघून गेला. फक्त एचआरपी पाहून ‘जोड आहे’ म्हणू नका, कारण विघटित आवरणाचे ठिपकेही रंगतात. ठिपके ओळीत पण तुटक दिसले तर ते तसे स्वतंत्रपणे मोजा, ‘अर्धा जोड’ असा रकाना करू नका. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. या प्रयोगात हे ऐच्छिक नाही, कारण तुटक आणि अखंड यांतली रेषा डोळाच ठरवतो. एकेक अॅक्सॉन पाहायचा तर सर्व मोटर न्यूरॉन उजळणाऱ्या ओके-६ ऐवजी एम-१२ सारखा मोजकेच न्यूरॉन दाखवणारा ड्रायव्हर (गॅल-४ कुठल्या पेशींत चालेल ते ठरवणारा वाण) घ्या.

इजेचा संकेत चालू झाला का, यासाठी पकर्ड-लॅकझेड (पकर्ड जनुक चालू झाल्याची नोंद देणारी जोडणी) वापरत असाल तर लक्षात ठेवा: ती नोंद करणारी जोडणी मूळ पकर्ड जनुकातच बसलेली आहे आणि त्याची एक प्रत निकामी करते. पकर्ड हे जेएनकेला आवरणारे फॉस्फेटेज आहे. म्हणजे तुमची अळी आधीच थोडी जास्त संवेदनशील आहे. दोन्ही गटांत ती जोडणी असली तरच तुलना चालते.

आता विद्युत नोंदी. इथे एक खाच आहे. अळीत नेहमी मज्जारज्जूजवळ चेता कापून तिचे टोक सक्शन इलेक्ट्रोडमध्ये ओढतात आणि तिथे धक्का देतात. ती जागा दाबलेल्या जागेच्या अलीकडे येते. मग स्नायूत प्रतिसाद नाही आला तर अर्थ एवढाच की धक्का दाबलेल्या जागेतून पलीकडे गेला नाही. सिनॅप्स गेला की नाही, हे त्यातून कळत नाही. दाबलेल्या जागेच्या पलीकडे, स्नायूकडचा तुकडा इलेक्ट्रोडमध्ये घेऊन धक्का द्या. तेव्हाही प्रतिसाद नसेल आणि मिनीही (धक्का न देता स्नायूत आपोआप उमटणारे छोटे विद्युत प्रतिसाद) थांबल्या असतील, तर जोड गेला असे म्हणता येते. बरेच परस्परविरोधी निकाल या एका बदलाने जुळून येतात.

मिनींचा आकार मुख्यतः स्नायूच्या ग्राहकांवर (संदेश-रसायन पकडणाऱ्या रेणूंवर) आणि स्नायूच्या विद्युत रोधावर ठरतो, त्यांची वारंवारता मुख्यतः न्यूरॉनच्या बाजूवर. इजा झालेल्या, कमी खाल्लेल्या अळीचा स्नायू लहान असतो, लहान स्नायूचा रोध जास्त, आणि मिनी मोठ्या दिसतात. ग्राहक वाढले असे लिहिण्यापूर्वी रोध मोजा आणि स्नायूची लांबी-रुंदी नोंदवा. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेला, १० ते २० मेगाओमचा इलेक्ट्रोड घ्या. विश्रांतीचा विभव उणे ६० मिलिव्होल्टपेक्षा उथळ असेल तर तो स्नायू सोडा. अशा स्नायूंचे प्रमाण इजा झालेल्या गटातच जास्त असेल, तर किती सोडले तेही लिहा.

केंद्रीय बाजू तुम्ही पाहिलेली दिसत नाही. पाहायला हवी. इजेनंतर वॉलेंडाचा संकेत चढलेल्या मोटर न्यूरॉनच्या फांद्यांवर असिटिलकोलीनचा संदेश घेणारी यंत्रणा कमी होते, अशा दिशेचे पुरावे अळीत मिळू लागले आहेत. तुमच्याकडे मज्जारज्जू त्याच तयारीत असतो आणि फेकला जातो. तोही रंगवा. मदत हवी असल्यास तुमच्या पाषाणातच आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत) आणि इकडे आघारकर संशोधन संस्थेत फळमाशीवर काम चालते. चिमटा धरणारा हात कागदावरून शिकता येत नाही.

प्रश्न: बागेत एक पाय गमावलेला नाकतोडा महिनाभर दिसत होता. पाय गेला, पण उरलेल्या शरीरातल्या चेतांचे काय होते? पाय पुन्हा येतो का?
– निवृत्त बँक कर्मचारी, सहकारनगर

उत्तर: नाकतोड्याचा मागचा पाय ठरलेल्या सांध्यातून तुटतो, आणि त्या रेषेतून एकही स्नायू आरपार जात नाही. त्यामुळे जखम छोटी राहते. पण पायाची चेता मात्र तुटते. पाय परत येत नाही. झुरळ आणि रातकिड्याच्या पिल्लांत कात टाकताना नवा पाय येतो, प्रौढ कीटक कात टाकत नाही म्हणून त्याला ती सोय नाही.

खरा चकवा पुढेच आहे. अमेरिकेत एडमंड आर्बास यांच्या गटाने न उडणाऱ्या एका नाकतोड्यात पाहिले की पाय गळाल्यावर छातीतले, पाय हलवणारे स्नायू झिजतात. हे स्नायू पायात नसतात, त्यांची चेता तुटलेली नसते, त्यांचा मोटर न्यूरॉन अखंड असतो. तुटतात ते पायातून येणारे संवेदी अॅक्सॉन. पाय शाबूत ठेवून नुसती पायाची चेता कापली तरी स्नायू झिजतात. म्हणजे मोटर न्यूरॉनवर उतरणारा संदेश बंद झाला आणि त्याची किंमत पलीकडच्या स्नायूने मोजली. मघाशी गणेशखिंडच्या वाचक भगिनीला दोन जागा वेगळ्या धरा असे सांगितले. इथे त्या दोन जागा एकमेकींवर कशा अवलंबून आहेत ते दिसते.

सगळे नुकसानच असते असे नाही. रातकिड्याचा कान पुढच्या पायाच्या नडगीत असतो. एका बाजूचा पाय गेला की त्या कानाचे ऐकणारे गुच्छिकेतले न्यूरॉन फांद्या मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि दुसऱ्या कानाच्या अॅक्सॉनशी जोड करतात. हे प्रौढ रातकिड्यातही घडते. झुरळात मोटर चेता चिरडली तर काही आठवड्यांत ती पुन्हा स्नायूंपर्यंत पोचते. वाटेत चुकीच्या स्नायूंनाही शिवते, पण चुकीचे जोड पुढे गळतात आणि बरेचसे न्यूरॉन आपापल्या मूळ स्नायूवर येतात.

प्रश्न: चेहऱ्याच्या चेतेला इजा झालेल्या रुग्णांत चेता जुळूनही हालचाल बेढब राहते. कीटकांवरच्या अभ्यासाचा त्याला काही उपयोग आहे का?
– फिजिओथेरपिस्ट, औंध

उत्तर: काही भागापुरता आहे. १९६८ मध्ये ब्लिन्झिंगर आणि क्रॉइट्झबर्ग यांनी उंदराच्या चेहऱ्याच्या चेतेला इजा करून मेंदूतल्या तिच्या न्यूरॉनकडे पाहिले. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या, पेशी न्यूरॉनच्या पेशीकायेला चिकटून त्यावरचे सिनॅप्स अलग करत होत्या. इजा गालात, सिनॅप्स सुटले मेंदूच्या बुंध्यात. पण हे चित्र कीटकात शोधू नका. कीटकाच्या मोटर न्यूरॉनच्या पेशीकायेवर सोलायला सिनॅप्सच नसतात, जे घडते ते फांद्यांवर. सामाईक आहे ते रेणूंच्या पातळीवर: डीएलके, सार्म, आणि तुटलेला अॅक्सॉन ओळखून गिळणारे ड्रेपर हे ग्लियातले (न्यूरॉनना साथ देणाऱ्या पेशींतले) प्रथिन, ज्याचे भावंड आपल्यातही आहे.

तुमच्या कामाशी जवळची आणखी एक नोंद फळमाशीच्या पंखातली आहे, २०२१ची. पंखाच्या चेतेतले काही अॅक्सॉन कापले, तर शेजारचे न कापलेले अॅक्सॉनही काही काळ वहन थांबवतात, आणि त्यासाठी सार्म व ग्लिया लागतात. नंतर ते पूर्ववत होतात. त्यामुळे इजेनंतर पहिल्या काही तासांत मोजलेली कार्यहानी पूर्णपणे तुटलेल्या तंतूंच्या नावावर लिहिता येत नाही. चेहरा बेढब हलण्यामागे चुकीच्या स्नायूवर गेलेले अॅक्सॉन हे मोठे कारण आहे. झुरळात चुकीचे जोड गळतात, माणसात ती छाटणी तितकी नेटकी होत नाही.